दोन सर्व्हरांमधला दुवा कुठे तुटतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच जागेभोवती फिरतात. ती जागा म्हणजे पुढे उभा असलेला वेब सर्व्हर आणि त्याच्या पाठीमागे काम करणारा ॲप्लिकेशन सर्व्हर यांच्यामधली जोडणी. दोन्ही सर्व्हर आपापल्या ठिकाणी चालू दिसतात, तरी वापरकर्त्यापुढे त्रुटीचे पान येते, आणि मग दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या सर्व्हरकडे बोट दाखवतात. म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नांना दिले आहे. आज्ञा, लॉगमधील संदेश आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत.

प्रश्न : आमचा ॲप्लिकेशन सर्व्हर आतापर्यंत एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असलेल्या यंत्रावरच होता. तो वेगळ्या यंत्रावर हलवल्यापासून प्रत्येक विनंतीला ५०२ ही त्रुटी येते. नव्या यंत्रावर बसून पत्ता उघडला, तर ॲप्लिकेशन व्यवस्थित चालते. म्हणजे बिघाड वेब सर्व्हरमध्येच आहे असे समजायचे का?

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. आपण केलेली चाचणी योग्य आहे, पण ती चुकीच्या ठिकाणाहून केलेली आहे. ॲप्लिकेशन सर्व्हर स्वतःच्याच यंत्राला उत्तर देतो, एवढेच तिच्यावरून कळते. वेब सर्व्हर त्याच्यापर्यंत पोचतो की नाही, हे वेब सर्व्हरच्या यंत्रावर जाऊनच पाहावे लागते. तिथे लॉग-इन करून, एन्जिनएक्सच्या कॉन्फिगरेशनमधील ‘प्रॉक्सी पास’च्या, म्हणजे विनंती कोणाकडे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीत जो पत्ता आणि जो पोर्ट लिहिला आहे, नेमका तोच उचलून ‘कर्ल’ या पत्ता उघडून पाहणाऱ्या आज्ञेला द्यावा. हाताने पुन्हा टाइप करू नये, कारण पोर्टमधला एक आकडा चुकलेला असेल तर डोळा तो आपोआप बरोबर करून वाचतो आणि चूक तशीच राहते.

त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत वेब सर्व्हरचा एरर लॉग उघडा ठेवावा. ५०२ या आकड्यावरून निदान करता येत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. जोडणी नाकारली गेली, तर एन्जिनएक्स ५०२ देतो आणि अपाची हा दुसरा वेब सर्व्हर त्याच प्रसंगी ५०३ देतो. म्हणजे एकाच दुखण्याला दोन सर्व्हर दोन आकडे लावतात. खरी माहिती लॉगमधल्या ओळीत असते, आणि त्या ओळीत कंसात छापलेला लहानसा क्रमांक सगळ्यात मोलाचा असतो, कारण तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेला असतो.

लिनक्सवर तिथे १११ दिसला, म्हणजे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर आपली हाक समोरच्या यंत्रापर्यंत पोचली आहे आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नसल्याचे त्या यंत्राने लगेच कळवले आहे. अशा वेळी नेटवर्कवाल्यांना त्रास देण्याचे कारण नसते. ११० दिसला, म्हणजे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल आणि त्यापुढे ‘व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम’ (अपस्ट्रीम म्हणजे पाठीमागचा सर्व्हर) असे शब्द असतील, तर हाक वाटेतच गडप झाली आहे. बहुधा एखादी फायरवॉल ती मुकाट्याने टाकून देत असते. ११३, म्हणजे ‘नो रूट टू होस्ट’ वाचून लोक राउटर तपासत बसतात, पण रेड हॅट घराण्यातील यंत्रांवर समोरच्या फायरवॉलने स्पष्ट नकार दिला तरी हाच संदेश येतो. आणि १३ दिसला, तर जोडणी आपल्याच यंत्राबाहेर पडलेली नाही.

आपल्या वर्णनावरून मला १११ ची शक्यता सर्वांत जास्त वाटते. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या यंत्रावर ‘एसएस’ ही आज्ञा ‘एलटीएन’ या पर्यायांसह चालवावी. तिच्या यादीत आपल्या पोर्टच्या डावीकडे १२७.०.०.१ असे दिसले, तर तो सर्व्हर फक्त स्वतःच्या यंत्राचेच ऐकत आहे. दोघे एकाच यंत्रावर होते तोवर हे योग्य होते, नव्हे सुरक्षितही होते. यंत्र बदलताना मात्र ती ओळ तशीच राहून गेली. तिथे त्या यंत्राचा अंतर्गत नेटवर्कवरील पत्ता द्यावा. सर्व पत्त्यांवर ऐकण्यासाठी ०.०.०.० लिहिण्याचा मोह होतो, पण तसे करायचे असेल तर आधी त्या पोर्टवर केवळ वेब सर्व्हरलाच प्रवेश देणारा फायरवॉलचा नियम लावावा. नाहीतर वेब सर्व्हरला वळसा घालून कोणीही थेट आत येऊ शकेल.

१३ या क्रमांकाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तो फार फसवतो. एसई-लिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था चालू असलेल्या यंत्रावर कर्ल अगदी यशस्वी होते आणि वेब सर्व्हर मात्र ‘परमिशन डिनाइड’ म्हणत राहतो. कारण असे, की कर्ल आपण आपल्या लॉग-इनमधून चालवतो, ज्याच्यावर सहसा बंधन नसते, तर वेब सर्व्हर त्याच्या स्वतंत्र चौकटीत चालतो आणि त्या चौकटीला बाहेर जोडणी करण्याची परवानगी सुरुवातीला दिलेली नसते. ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ हा स्विच ‘सेटएसईबूल’ या आज्ञेने चालू केला, की काम होते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही तो टिकावा म्हणून आज्ञेत कॅपिटल ‘पी’ हा पर्याय घालावा. अख्खे एसई-लिनक्स बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी सर्रास दिला जातो. कृपया तो ऐकू नये. एका दाराची कडी काढण्यासाठी घराच्या सगळ्या भिंती पाडण्यासारखे ते आहे.

प्रश्न : अपाचीच्या मागे टॉमकॅट हा ॲप्लिकेशन सर्व्हर आहे. नवी आवृत्ती चढवण्यासाठी टॉमकॅट बंद करून चालू केला, की तो ८०८० पोर्टवर थेट लगेच उत्तर देतो, पण अपाचीमार्फत मात्र पुढचे जवळजवळ एक मिनिट ५०३ येत राहते. मग काहीही न करता सगळे सुरळीत होते. हे मिनिट कुठून येते?

उत्तर : ते मिनिट अपाचीच्याच सेटिंगमधून येते. टॉमकॅट बंद असताना एखादी विनंती त्याच्याकडे गेली आणि जोडणी झाली नाही, की मॉड-प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पाठवणारा अपाचीचा भाग, त्या सर्व्हरवर ‘बिघडलेला’ अशी खूण करते आणि ‘रिट्राय’ या सेटिंगइतका वेळ त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. हे मूल्य न दिल्यास ६० सेकंद असते. एरर लॉगमध्ये एएच००९५९ या क्रमांकाची ओळ शोधावी. ‘डिसेबलिंग वर्कर’ असे म्हणून शेवटी ६० सेकंदांचा उल्लेख तिच्यात सापडेल.

मागे एकच टॉमकॅट असेल, तर त्याला वगळून विनंती दुसरीकडे पाठवण्याची सोयच नसते, म्हणून ‘प्रॉक्सीपास’च्या ओळीत ‘रिट्राय’ शून्य ठेवणे योग्य. मागे अनेक सर्व्हर असतील, तर मात्र शून्य ठेवू नये. मेलेल्या सर्व्हरचे दार प्रत्येक विनंतीगणिक ठोठावले जाईल. त्या ठिकाणी पाच-दहा सेकंद पुरतात.

प्रश्न : एन्जिनएक्सच्या मागे नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) लिहिलेले ॲप्लिकेशन आहे. दिवसभरात चार-सहा वेळा ५०२ येते, तेही कोणी अर्ज भरून पाठवताना. पाने उघडताना ही त्रुटी कधीच येत नाही. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्या विनंतीचा मागमूसही नसतो. सर्व्हरवर ताणही नसतो. आम्ही अक्षरशः हैराण झालो आहोत.

उत्तर : आपल्या पत्रातील दोन बारकावे, म्हणजे अर्ज पाठवतानाच त्रुटी येणे आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये काहीच नसणे, निदानाला जवळजवळ पुरेसे आहेत. ते लिहिल्याबद्दल आपले आभार.

प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी करावी लागू नये म्हणून एन्जिनएक्स जुन्या जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा वापरतो. अपस्ट्रीमच्या विभागात ‘कीपअलाइव्ह’ असे लिहिलेले असेल, तर रिकामी जोडणी तो ६० सेकंदांपर्यंत जपून ठेवतो. नोडची सवय वेगळी आहे. वेगळे काही सांगितले नसेल तर रिकामी जोडणी तो ५ सेकंदांनंतर बंद करतो. म्हणजे जोडणी अजून जिवंत आहे असे एका टोकाला वाटत असते आणि दुसऱ्या टोकाने ती मिटवायला घेतलेली असते. बहुतेक वेळा बंद झाल्याचा निरोप वेळेवर पोचतो आणि काही बिघडत नाही. पण कधी तरी नेमका त्याच क्षणी नवा अर्ज निघतो आणि दोघांची वाटेत चुकामूक होते.

अशाच एका तक्रारीच्या वेळी मी ‘टीसीपीडम्प’ने दोन्ही यंत्रांवर पॅकेट पकडून ठेवली होती. त्यात ही चुकामूक स्पष्ट दिसली. ॲप्लिकेशनकडून जोडणी मिटवल्याचे ‘फिन’ पॅकेट निघाले, ते वेब सर्व्हरपर्यंत पोचण्याच्या आत तिकडून पोस्ट विनंती, म्हणजे भरलेला अर्ज, निघाली, आणि मिटलेल्या जोडणीवर ती येऊन आदळताच ॲप्लिकेशनच्या यंत्राने ‘रीसेट’ पाठवले. हा सगळा प्रकार एका मिलिसेकंदाच्या आत संपला. नोडच्या प्रोग्रॅमपर्यंत ती विनंती कधी पोचलीच नाही, म्हणून त्याच्या लॉगमध्ये तिची नोंद नव्हती. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये मात्र ‘१०४: कनेक्शन रीसेट बाय पीअर’ अशी ओळ होती. आपल्याकडे तिच्याऐवजी ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ असेही दिसू शकेल.

पाने उघडताना त्रुटी का येत नाही, याचे उत्तरही यातच आहे. चुकामूक तेव्हाही होते, पण गेट विनंती, म्हणजे नुसती पान मागणारी विनंती, पुन्हा पाठवण्यात धोका नसल्यामुळे एन्जिनएक्स ती नव्या जोडणीवरून गुपचूप पुन्हा पाठवतो आणि वापरकर्त्याला कळतही नाही. पोस्ट एकदा पाठवून झाली, की तो ती आपण होऊन दुसऱ्यांदा पाठवत नाही, कारण एकच अर्ज दोनदा नोंदला जाण्याची भीती असते. त्याला तसे करायला भाग पाडणारे ‘नॉन-आयडेम्पोटंट’ हे सेटिंग आहे; त्याला हात लावू नये.

उपाय साधा आहे. रिकामी जोडणी आधी कोणी बंद करायची, हे ठरवून टाकावे, आणि ते काम नेहमी वेब सर्व्हरकडे असावे, कारण पुढची विनंती तोच पाठवणार असतो. नोडमधील ‘कीपअलाइव्हटाइमआउट’ ६० सेकंदांहून जास्त, समजा ६५ सेकंद ठेवावे. हे मूल्य मिलिसेकंदांत द्यायचे असते, म्हणून ६५००० लिहावे. सोबत ‘हेडर्सटाइमआउट’ त्याहून थोडे वर न्यावे. उलट बाजूने, एन्जिनएक्सच्या अपस्ट्रीममधील वेळ ४ सेकंदांवर आणली तरी चालते, पण मला पहिला मार्ग जास्त पसंत आहे.

काही जण जोडण्या पुन्हा वापरणेच बंद करतात. लहान ठिकाणी ते खपून जाते. मोठ्या ठिकाणी दुसरी अडचण उभी राहते. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना सर्वसाधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ या टप्प्यातला पोर्ट देते, आणि जोडणी मिटल्यावर जे टोक ती आधी मिटवते त्याच्याकडे तो पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. म्हणजे एका वेब सर्व्हरकडून एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० च्या पुढे नव्या जोडण्या जाऊ लागल्या, की पोर्ट संपत येतात आणि लॉगमध्ये ‘९९: कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ दिसू लागते.

प्रश्न : जुना टॉमकॅट काढून नवा बसवला. अपाची त्याच्याशी एजेपी या प्रोटोकॉलने, ८००९ पोर्टवरून बोलतो. आधी ५०३ येत होते. सर्व्हरच्या फाइलमध्ये काही बदल केल्यावर आता ४०३ येते. ॲप्लिकेशनमध्ये परवानग्यांचा काहीच बदल नाही.

उत्तर : २०२० साली एजेपीमध्ये ‘घोस्टकॅट’ नावाने ओळखली जाणारी गंभीर त्रुटी उघडकीस आली. ८००९ पोर्टपर्यंत पोचू शकणारा कोणीही ॲप्लिकेशनमधील फायली वाचू शकत होता. त्यानंतर टॉमकॅटच्या ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांपासून एजेपीचे मूळ वागणे कडक करण्यात आले. सोबत येणाऱ्या सर्व्हर फाइलमध्ये एजेपी कनेक्टर आता टिप्पणीत टाकलेला असतो, चालू केला तरी तो फक्त स्वतःच्या यंत्राचे ऐकतो, आणि ‘सीक्रेट’ म्हणजे दोघांना ठाऊक असलेला एक परवलीचा शब्द त्याला सक्तीने लागतो.

आपले ५०३ कनेक्टर उघडलेलाच नसल्यामुळे होते. आताचे ४०३ बहुधा असे सांगते, की टॉमकॅटमध्ये सीक्रेट लिहिले गेले, पण अपाची ते पाठवत नाही किंवा चुकीचे पाठवतो. मॉड-प्रॉक्सी-एजेपी वापरत असाल, तर ‘सीक्रेट’ हा पर्याय अपाची २.४.४२ पासून मिळतो, म्हणून आधी आवृत्ती पाहावी. मॉड-जेके हा अपाचीला टॉमकॅटशी जोडणारा दुसरा भाग वापरत असाल, तर वर्करच्या फाइलमध्ये तो लिहावा. ‘सीक्रेट रिक्वायर्ड’ फॉल्स करून मोकळे होऊ नये. एजेपी कोणतेही सांकेतिकीकरण न करता बोलते, त्यामुळे तो पोर्ट विश्वासातल्या नेटवर्कबाहेर दिसता कामा नये. आणि एजेपीच हवे असे खास कारण नसेल, तर साध्या एचटीटीपीवर यावे. तिथे दुखणे शोधण्यासाठी कर्ल वापरता येते, एजेपीला ती सोय नाही.

प्रश्न : मोठा अहवाल मागितला, की बरोबर ६० सेकंदांनी ५०४ येते. मुदत ६०० सेकंद केली तर प्रश्न सुटेल ना?

उत्तर : त्रुटी दिसायची बंद होईल, प्रश्न सुटेल असे मी म्हणणार नाही. हे ६० सेकंद ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’चे आहेत. जोडणी झाली आहे, विनंती पोचली आहे, ॲप्लिकेशन गप्प आहे, एवढाच त्याचा अर्थ. लॉगमध्ये ‘व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर’ असे शब्द असतील. ही मुदत संपूर्ण उत्तराची नसून दोन वाचनांमधल्या शांततेची असते, हेही लक्षात घ्यावे. उत्तर थोडेथोडे येत राहिले, तर ते कितीही वेळ चालू शकते.

माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगणे योग्य होईल. एका ठिकाणी अशीच तक्रार आली तेव्हा मी मुदत वाढवून ३०० सेकंद केली आणि विषय संपला असे समजलो. महिनाअखेरीस अनेकांनी एकदम अहवाल मागितले. पान येत नाही म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा ताजे करू लागले. ब्राउझरने पाठ फिरवली, वेब सर्व्हरने आपल्या बाजूची जोडणी सोडली, पण टॉमकॅटमधील थ्रेडला, म्हणजे ती विनंती हाताळणाऱ्या धाग्याला, ते कळले नाही. तो डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत बसून राहिला. प्रत्येक रिफ्रेशमागे आणखी एक थ्रेड अडकत गेला. टॉमकॅटमध्ये मुळात २०० थ्रेड असतात. ते सगळे संपल्यावर अहवालाशी काहीही संबंध नसलेले लॉग-इनचे पानसुद्धा उघडेना. तोकड्या मुदतीने आतापर्यंत जो बांध घातला होता, तो मीच फोडला होता.

म्हणून आधी थ्रेड कशावर थांबले आहेत ते पाहावे. अहवाल चालू असताना ‘जेस्टॅक’ने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा थ्रेडची स्थिती टिपावी. तिन्ही वेळा तोच थ्रेड डेटाबेसकडून वाचण्याच्या ओळीवर दिसला, तर ती क्वेरी संथ आहे. अनेक थ्रेड डेटाबेसची जोडणी मिळण्याचीच वाट पाहत असतील, तर पूल, म्हणजे तयार जोडण्यांचा साठा, अपुरा आहे किंवा घेतलेल्या जोडण्या परत केल्या जात नाहीत. हिकारीसीपीसारख्या पूलमध्ये मुळात १० जोडण्याच असतात आणि त्यासाठी वाट पाहण्याची मुदत ३० सेकंदांची असते, हे मूल्य २०० थ्रेडांशेजारी ठेवून पाहावे. तसेच एन्जिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम कनेक्ट टाइम’ आणि ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’ हे दोन रकाने आजच वाढवावेत. जोडायला वेळ गेला की उत्तराला, हा वाद त्या दोन आकड्यांनी कायमचा मिटतो.

अहवालाला खरोखरच दहा मिनिटे लागत असतील, तर विनंती नोंदवून लगेच उत्तर द्यावे, काम पाठीमागे करावे आणि तयार फाइल नंतर उचलू द्यावी. एवढा बदल लगेच शक्य नसेल, तर वाढीव मुदत केवळ अहवालाच्या लोकेशनपुरती, म्हणजे कॉन्फिगरेशनमधील त्या पत्त्याच्या विभागापुरती द्यावी, संपूर्ण साइटला नव्हे.

प्रश्न : ॲप्लिकेशनचा कंटेनर (ते ज्यात चालते तो स्वतंत्र कप्पा) नव्याने उभा केला, की एन्जिनएक्सला तो सापडत नाही. एन्जिनएक्स रीलोड केला, की सापडतो.

उत्तर : एन्जिनएक्स कॉन्फिगरेशनमधील नावाचा पत्ता सुरू होतानाच शोधतो आणि तोच धरून बसतो. कंटेनरचा पत्ता बदलल्याचे त्याला कळत नाही. ‘रिझॉल्व्हर’, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, देऊन प्रॉक्सी पासमध्ये नाव व्हेरिएबलमार्फत लिहावे; मग तो पत्ता पुन्हा पुन्हा विचारतो. १.२७.३ पासून अपस्ट्रीममधील सर्व्हरच्या ओळीवर ‘रिझॉल्व्ह’ लिहिण्याची सोय मोफत आवृत्तीतही आहे. व्हेरिएबलचा मार्ग घेतला, तर प्रॉक्सी पासमधील पत्त्याच्या शेवटी येणारा मार्ग आपोआप बदलला जात नाही, त्यामुळे अचानक ४०४ येऊ लागले तर तिथे पाहावे.

प्रश्न : एचटीटीपीएस लावल्यापासून लॉग-इनचे पान स्वतःकडेच वळत राहते आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणतो.

उत्तर : एचटीटीपीएस वेब सर्व्हरपाशी संपते आणि पुढे साधे एचटीटीपी जाते. ॲप्लिकेशनला वाटते, की वापरकर्ता असुरक्षित मार्गाने आला आहे, म्हणून ते त्याला सुरक्षित मार्गाकडे पाठवते. तो पुन्हा वेब सर्व्हरमार्फत साध्या एचटीटीपीनेच पोचतो, आणि फेरा चालू राहतो. वेब सर्व्हरने विनंतीसोबत ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर, म्हणजे मूळ मार्ग सांगणारी ओळ, पाठवावे आणि टॉमकॅटमध्ये ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ लावून त्याला ते वाचायला सांगावे. हा व्हॉल्व्ह मुळात खासगी पट्ट्यातील पत्त्यांवरून आलेलेच हेडर मानतो. आपला वेब सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावरून बोलत असेल, तर ‘इंटर्नल प्रॉक्सीज’मध्ये तो पत्ता नोंदवावा, नाहीतर हेडर पोचूनही त्याकडे दुर्लक्ष होईल.